गळाला लागलेलं मीठ

1877 च्या उन्हाळ्यात कॅनडातल्या हॅलिफॅक्स शहरात तीन पंच बसले होते. एक बेल्जियमचा, एक अमेरिकेचा आणि एक ब्रिटनच्या वतीने कॅनडाचा. अमेरिकी मच्छीमारांना ब्रिटिश उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यालगत बारा वर्षं मासेमारीची मुभा मिळाली होती, तिची किंमत किती, हे त्यांना ठरवायचं होतं. विषय वरकरणी रुक्ष. पण जून ते नोव्हेंबर चाललेल्या त्या सुनावणीत पुन्हा पुन्हा निघत राहिला तो गळाला लावायचा चारा. ब्रिटिश बाजू म्हणायची, न्यूफाउंडलंडच्या खाड्यांतली ताजी हेरिंग आणि ताजी म्हाकुळं मिळाली नाहीत तर ग्रँड बँक्सच्या उथळ समुद्रात अमेरिकेच्या गलबतांना कॉड मिळणं कठीण आहे. तेव्हा पैसे मोजा. अमेरिकी बाजूचं उत्तर होतं, ताज्या चाऱ्याचं कौतुक पुरे झालं. आमची गलबतं खारवलेल्या शिंपल्यांची पिंपं घरूनच भरून निघतात, कॉड त्यालाही लागतो. उलट ताज्या चाऱ्यासाठी बंदरात शिरलं की कामाचे दिवस फुकट जातात.

पंचांनी अमेरिकेला 55 लाख डॉलर भरायला लावले. अमेरिकी पंचाने विरोधी मत नोंदवलं. चारा किंवा बर्फ विकत घेण्याची सोय हा आपल्या कक्षेतला विषयच नाही, असं पंचांनी सुनावणीच्या मध्येच ठरवून टाकलं होतं. त्यामुळे खारवलेला चारा ताज्याच्या तोडीचा असतो की नाही, यावर निकाल असा लागलाच नाही. तो आपण लावू. मात्र त्याआधी मीठ माशाच्या मांसात शिरून काय उद्योग करतं, ते बघायला हवं.

गळाने मासेमारी करणाऱ्याची मूळ अडचण अशी की मासा पकडायला आधी दुसरा मासा पकडावा लागतो. आणि या दोन माशांचं वेळापत्रक जुळेल, याची काही खात्री नसते. न्यूफाउंडलंडला हेरिंग वसंतात यायची. जून-जुलैत कॅपेलिन नावाचा बोटभर मासा अंडी घालायला थेट वाळूवर यायचा. म्हाकुळं उगवायची ऑगस्टपासून पुढे. कॉडच्या शेकडो गळ लावलेल्या दोऱ्यांना मात्र चारा रोज लागायचा, आणि तोही किनाऱ्यापासून दूर भर समुद्रात. आपल्याकडेही हे कोडं नवं नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. नेमक्या त्याच दिवसांत खाडीच्या तोंडाशी छत्री लावून गरवायला बसणाऱ्यांचा उत्साह शिगेला पोहोचलेला असतो, आणि बाजारातली कोळंबी गळाला लावायची म्हटलं तर जीव खालीवर होतो.

मासा मेला की दोन गोष्टी सुरू होतात. बाहेरून जिवाणू आत शिरू लागतात, आणि आतून माशाचीच पाचक विकरं त्याचं मांस पचवू लागतात. दोन्हींना पाणी हवं, आणि माशाच्या मांसात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं. मीठ लावलं की कैरीच्या फोडींना सुटतं तसं माशाला पाणी सुटतं. त्याच वेळी मीठ उलट दिशेने आत शिरत जातं. मांसातलं उरलेलं पाणीही मग मिठाच्या कणांनी धरून ठेवलेलं असतं, जिवाणूंना ते वापरता येत नाही. हे ‘वापरण्याजोगं पाणी’ मोजायची एक मोजपट्टी आहे. शुद्ध पाण्याला 1 गुण, ताज्या माशाला साधारण 0.99. मासा नासवणारे बहुतेक जिवाणू 0.9 च्या आसपास थंडावतात, बहुतेक बुरशा 0.8 च्या आसपास. 100 ग्रॅम पाण्यात जास्तीत जास्त 36 ग्रॅमच्या जवळपास मीठ विरघळतं (पाणी तापवलं तरी हा आकडा फारसा वाढत नाही), आणि अशा भरपूर मिठाच्या पाण्याला गुण मिळतात 0.75. म्हणजे मांसातलं सगळं पाणी मिठाने पुरेपूर भरलं, तर नेहमीच्या नासाड्या मंडळींपैकी कोणीच उरत नाही.

सगळी मेख त्या ‘पुरेपूर’ शब्दात आहे. हौशी लोकांचा खारवलेला चारा कुजतो तो बहुधा हात आखडता घेतल्यामुळे. भाजीत मीठ टाकायच्या सवयीने मासा खारवायला गेलं की त्याचा वास शेजाऱ्यांपर्यंत पोहोचतो. वजनाने तीन भाग माशाला एक भाग मीठ, हे मच्छी खारवणाऱ्यांचं जुनं प्रमाण आहे आणि चाऱ्याच्या बाबतीत त्याहून जास्त पडलं तरी कोणाचं बिघडत नाही. खाणाऱ्याने तक्रार करावी अशी सोय गळावर नसतेच.

कमी मिठाचा आणखी एक तोटा आहे, आणि तो चटकन लक्षात येत नाही. पाच-सहा टक्के मीठ मांसात गेलं तर प्रथिनं फुगतात, पाणी धरून बसतात आणि मांस मऊ, बुळबुळीत होतं. मिठाचं प्रमाण बरंच वर गेलं की गणित उलटतं. प्रथिनं पाणी सोडतात, एकमेकांना चिकटतात, आणि मांस चिवट होतं, चामड्याकडे झुकतं. गळासाठी हा चिवटपणाच महत्त्वाचा. ताजी कोळंबी किंवा तारलीचा तुकडा पाण्यात पडला की बारके मासे कुरतडून पाच मिनिटांत गळ मोकळा करतात, आणि वर बसलेला माणूस रिकाम्या गळाकडे आशेने बघत राहतो. खारवलेला तुकडा टिकून राहतो. टिकाऊपणासाठी लोकांनी मीठ लावलं असेल, पण माझ्या मते त्याची खरी कमाई हा चिवटपणा आहे.

आता वासाकडे. मासे पाण्यातून अन्न शोधतात ते मुख्यतः अमिनो आम्लांच्या मागावर. प्रथिनं मोडली की ही आम्लं सुटतात आणि पाण्यात विरघळून पसरतात. अमेरिकेत लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत जॉन कॅप्रिओ यांनी मिशाळ कॅटफिशवर अनेक वर्षं काम केलं. या माशाच्या फक्त तोंडात नव्हे, मिशांवर आणि सगळ्या अंगभर चवीच्या कळ्या असतात, आणि अ‍ॅलनिन, आर्जिनिन यांसारख्या अमिनो आम्लांची अत्यल्प मात्राही त्यांना कळते. आपला शिंगाळा याच मिशाळ गोतावळ्यातला. गढूळ खाडीत तो गळापर्यंत येतो तो डोळ्यांच्या भरवशावर नव्हे.

आणि नेमकं इथे मीठ घात करतं. माशाला सुटलेल्या पाण्याबरोबर अमिनो आम्लंही बाहेर वाहून जातात. ते खारं पाणी ओतून दिलं की वासाचा मोठा हिस्सा मोरीत गेला. शिवाय चारा कोणताही असो, पाण्यात टाकल्यावर पहिल्या तासा-दोन तासांतच त्याचा वास झपाट्याने ओसरतो, असं लांब दोऱ्यांच्या मासेमारीवर काम करणाऱ्या नॉर्वेच्या संशोधकांनी दाखवलं आहे. खारवलेला चारा तर आधीच थोडी पुंजी गमावून पाण्यात उतरतो. त्याची भरपाई थोडीफार होते ती काळाने. मिठात जिवाणू थांबले तरी माशाची स्वतःची विकरं पूर्ण थांबत नाहीत. ती महिनोन्‌महिने संथपणे प्रथिनं मोडत राहतात. म्हणून पिंपात मुरलेला जुना चारा कालच खारवलेल्यापेक्षा जास्त उग्र असतो.

तर हॅलिफॅक्सच्या वादात दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं होतं. एका गळामागे मासा जास्त देतो तो ताजा चारा. पण समुद्रात चाऱ्यासकट गळ जास्त वेळ ठेवता येतात ते खारवलेल्या चाऱ्यामुळे, कारण तो संपला म्हणून शेकडो मैल मागे यावं लागत नाही. तो कायम दुसऱ्या क्रमांकाचाच होता. फक्त पहिल्या क्रमांकाचा चारा दर वेळी जवळपास नसायचा.

याला एक मोठा अपवाद आहे. फ्रान्सच्या वायव्य टोकाला, ब्रिटनी प्रांतात, खारवलेला चारा हा अडीनडीचा पर्याय नव्हता. दुआर्नने, कॉन्कार्नो ही तिथली बंदरं सार्डिनवर जगायची. सार्डिन म्हणजे आपल्या तारलीची चुलत बहीण. ती गळाला लागत नाही. पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खाते. ब्रेटन कोळ्यांचं जाळं पडद्यासारखं सरळ पाण्यात लटकायचं. डोलकाठी उतरवून ठेवलेली, वल्हेकरी होडीचं नाक वाऱ्याकडे धरून ठेवायचे, आणि तांडेल मागच्या टोकाला उभा राहून मूठ मूठ चारा जाळ्याच्या कधी या अंगाला तर कधी त्या अंगाला फेकायचा. सार्डिनचा थवा वर यायचा, चाऱ्यामागे आरपार धावायचा आणि जाळ्याच्या घरात कल्ल्यांपाशी अडकायचा. कधी, कुठे, किती फेकायचं, यात तांडेलाची सगळी अक्कल पणाला लागायची. जास्त फेकलं तर मासे पोट भरून निघून जातात, कमी फेकलं तर वर येत नाहीत.

हा चारा म्हणजे कॉडची खारवलेली गाबोळी, आणि ती यायची नॉर्वेहून. जानेवारी ते एप्रिलमध्ये उत्तर नॉर्वेच्या लोफोटेन बेटांपाशी कॉड अंडी घालायला प्रचंड संख्येने जमतो. त्याचं मांस काठ्यांवर टांगून वाऱ्यात सुकवलं जायचं, यकृताचं तेल निघायचं, आणि गाबोळी मिठासह पिंपात भरली जायची. बर्गेन बंदरातून ती पिंपं जहाजांवर चढायची आणि ब्रिटनीत उतरायची. आर्क्टिक वृत्तापलीकडच्या हिवाळ्यातली अंडी अशी ऑगस्टच्या उन्हात फ्रान्सच्या उपसागरात मुठीमुठीने टाकली जात होती. शेकडो वर्षं हा व्यापार चालला. स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरचे कोळीही हीच गाबोळी वापरत. आपल्याकडे गाबोळी म्हटली की तवा आणि तांदळाचं पीठ डोळ्यांपुढे येतं. ती समुद्रात फेकायची कल्पना ऐकून कोकणातल्या माणसाचा घास अडकेल.

ही गाबोळी महाग होती. सार्डिन-होडीच्या खर्चात तिचा वाटा मोठा असे आणि तिच्या भावावरून बंदरांत कायम कुरबूर चालायची. म्हणून कोळ्यांनी तिच्यात भुईमुगाच्या पेंडीचं पीठ मिसळायला सुरुवात केली. समुद्रातल्या बारीक कोळंबीचा ताजा लगदा स्वस्त पडला असता, पण तो खाल्लेल्या सार्डिनचं पोट लवकर नासतं अशी तक्रार असायची. ती तक्रार वावगी वाटत नाही. भरल्या पोटाचा मासा आपल्याच पाचक रसांनी आतून फुटतो, हे आपल्या बंदरांवरही कोणीही सांगेल. आणि ब्रिटनीत पकडलेली सार्डिन डब्यात जायची. 1820 च्या दशकात नान्त शहरात जोसेफ कोलँ यांनी सार्डिन डबाबंद करायचा उद्योग सुरू केल्यावर हा सगळा किनारा त्या डब्यांशी बांधला गेला होता. 1902 नंतर काही वर्षं सार्डिन जवळजवळ दिसेनाशी झाली, तेव्हा ब्रिटनीत उपासमार झाली. चाऱ्याची पिंपं होती, घेणारे मासे नव्हते. पुढे विसाव्या शतकात थव्याला वेढा घालणारी जाळी आली, चारा फेकून थवा वर आणायची गरज उरली नाही, आणि गाबोळीचा तो व्यापार आटला.

इथे खारवलेला चारा पहिल्या क्रमांकावर कसा आला? कारण इथे गळ नव्हताच, चिवटपणाचा प्रश्न नव्हता. हवा होता तो असा पदार्थ, जो पाण्यात पडताच विखुरतो, सूक्ष्म जीवांसारखा तरंगतो आणि वर्षभर पिंपात टिकतो. माशाच्या अंड्याइतकं सोयीचं दुसरं काय असणार!

फ्रेंचांची दुसरी चाराकथा मात्र वेगळ्या वळणाने गेली. न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला सेंट पिएर आणि मिकलाँ ही दोन चिमुकली बेटं 1763 च्या पॅरिस तहापासून फ्रान्सकडे होती. तिथून फ्रेंच गलबतं ग्रँड बँक्सवर कॉड धरायची आणि चारा विकत घ्यायची शेजारच्या न्यूफाउंडलंडकडून. फ्रेंच सरकार आपल्या मच्छीमारांना बक्षिसी द्यायचं, त्यामुळे त्यांचा खारा कॉड युरोपच्या बाजारात स्वस्त पडायचा. आपणच विकलेल्या चाऱ्यावर पकडलेला मासा आपलाच भाव पाडतो, हे न्यूफाउंडलंडच्या विधिमंडळाला सहन झालं नाही. 1886 मध्ये त्यांनी चाऱ्याच्या विक्रीवर बंधन घालणारा कायदा केला. लंडनने आधी तो अडवला. दुसऱ्या वर्षी पुन्हा मंजूर करून घेतल्यावर तो 1888 पासून लागू झाला. परिणाम असा झाला की फ्रेंचांनी बँक्सच्या तळावरच सापडणारे शंखातले मांसल जीव टोपल्या सोडून गोळा करायला सुरुवात केली, आणि कॉड त्यांनाही लागला. मार बसला तो न्यूफाउंडलंडच्याच दक्षिण किनाऱ्यावरच्या गरिबांना, ज्यांचं पोट फ्रेंचांना हेरिंग विकण्यावर होतं. त्यांनी रात्रीच्या अंधारात ती विकायला सुरुवात केली. कायद्याने चारा महाग करता येतो, इतकंच त्यातून सिद्ध झालं असं मला वाटतं.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक उपसागरात खारवलेल्या चाऱ्याने सगळ्यात साधं रूप घेतलं. तिथे निळ्या खेकड्यांसाठी तळाशी दोरी टाकतात, कधी कधी मैलभर लांब. तिला गळ नसतातच. दर काही फुटांवर चाऱ्याचा तुकडा बांधलेला. पहाटे होडी दोरीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सावकाश जाते, दोरी एका फिरत्या रुळावरून वर येते, आणि चाऱ्याला बिलगलेला खेकडा पृष्ठभागाशी दिसला की जाळीच्या पळीने उचलतात. खेकडा हावरा, पाण्याबाहेर निघेपर्यंत चारा सोडत नाही. या दोरीवरचा जुना, मानाचा चारा म्हणजे खारवलेली वाम. वामीची कातडी मुळातच चिवट, मिठाने ती आणखी घट्ट होते; तोच तुकडा दिवसामागून दिवस चालतो. काम आटोपलं की चाऱ्यासकट अख्खी दोरी पिंपात गुंडाळून मीठवणीत बुडवायची. विल्यम वॉर्नर यांच्या 1976 च्या ‘ब्यूटिफुल स्विमर्स’ या पुस्तकात या खेकडेवाल्यांचं जगणं आलं आहे. त्याला पुढल्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळालं. नंतर परदेशी बाजारात वामीला भाव आला आणि खेकड्यांच्या वाट्याला बैलाचे ओठ, कोंबडीच्या माना असला खारवलेला माल येऊ लागला. खेकड्यांनी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. उत्तरेकडे मेन राज्यात लॉबस्टरच्या सापळ्यांत अजूनही खारवलेली हेरिंग भरतात. हेरिंगचा कोटा कापला गेला की तिथल्या लॉबस्टरवाल्यांचं वर्षाचं गणित कोलमडतं.

मिठाला न जुमानणारे जीवही आहेत. 1878 च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॉस्टर बंदरात खारवलेल्या कॉडवर लालसर थर चढू लागला, तेव्हा हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम फार्लो यांना तपासाला बोलावलं गेलं. लाली सूक्ष्मजीवांची होती, आणि संशयाची सुई वळली खुद्द मिठाकडेच. आज आपल्याला ठाऊक आहे की भरपूर मिठातच सुखाने राहणारे आर्किया नावाचे जीव असतात. उन्हाने पाणी आटवून केलेल्या मिठागरांना कधी कधी गुलाबी छटा येते तीही त्यांच्यामुळे. 2020 च्या जूनमध्ये लोणार सरोवर गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने याच गोत्रातल्या जीवांकडे बोट दाखवलं होतं. चाऱ्याच्या बरणीत गुलाबी बुळबुळीत थर दिसला तर तो यांचाच समजावा. गंमत अशी की मिठाचे हे भक्त गोडं पाणी सोसू शकत नाहीत. त्यात त्यांच्या पेशी फुटतात. चारा टाकून द्या, बरणी साध्या पाण्याने खळखळून धुवा, काम झालं.

काही ठिकाणी मात्र मिठाचा काही उपयोग नाही. लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावरचे आणि मालदीवचे कोळी काठी-दोरीने कुपा मासा, म्हणजे टुना, धरतात. होडीतल्या पाण्याच्या कप्प्यात ते बारके मासे जिवंत ठेवतात आणि थवा दिसला की मूठभर समुद्रात उधळतात. टुना नजरेने शिकार करतो. त्याला पळणारं काहीतरी हवं असतं. खारवलेल्या तुकड्याकडे तो ढुंकूनही बघणार नाही. आपला जिताडाही त्याच वृत्तीचा. त्याच्यासाठी जिवंत कोळंबी मिळवा, नाहीतर दुसऱ्या माशाचा नाद धरा.

ज्यांना खाडीत शिंगाळा, तांबोशी किंवा चिंबोऱ्यांवर समाधान आहे, त्यांच्यासाठी आता कृती. मीठ जाडं घ्यावं. बारीक मीठ वरच्या थरातलं पाणी झपाट्याने ओढतं, तो थर आवळतो आणि मीठ आत पोहोचायला वेळ लागतो. आयोडीनच्या मिठाने मासा पळतो असं हौशी मंडळी छातीठोकपणे सांगतात. पाकिटातल्या मिठात आयोडीन असतं दशलक्ष भागांत फार तर 30 भागांच्या आसपास. तेवढ्याने मासा बिथरेल हे मला पटत नाही. मिठागरातलं कच्चं मीठ मिळालं तर उत्तमच. त्यातली मॅग्नेशियमची क्षारं पावसाळ्यात ओल धरतात, हा त्रास आहे, पण त्यातलं कॅल्शियम मांस पांढरट आणि ताठ करतं. खाण्याच्या माशात तो दोष, चाऱ्यात गुण.

कोळंबीचं डोकं आधी काढावं, कारण पाचक ग्रंथी तिथेच असते आणि तीच कोळंबी मऊ पाडते. तिसऱ्यांचं मांस शिंपल्यातून सोडवून घ्यावं. म्हाकूळ साफ करून पट्ट्या कापाव्यात. बांगडा, तारली यांच्या बोटभर जाडीच्या फाका कराव्यात, पण कातडी ठेवावी. गळ खरा रुततो तो कातडीत. मग चाळणीत मिठाचा थर, चाऱ्याचा थर, पुन्हा मीठ, असं रचून खाली भांडं ठेवावं आणि फ्रिजमध्ये दिवसभर राहू द्यावं. सुटलेलं पाणी ओतून न देता बाटलीत भरून ठेवावं. कोळंबी, म्हाकूळ, तिसऱ्या यांच्यात चरबी कमी, त्यामुळे निथळून, नवं मीठ पसरून कोरड्या बरणीत चालतात. बांगडा आणि तारली तेलकट. हवेत उघड्या राहिल्या तर मीठ असूनही, किंबहुना मिठामुळे जास्तच, त्यांचं तेल खवट होतं. त्या मीठवणीत पूर्ण बुडालेल्या हव्यात. बरणी काचेची किंवा प्लास्टिकची. पत्र्याचं झाकण महिन्यात गंजेल. गांडुळांवर हा प्रयोग करू नका. ती आक्रसून दोऱ्यासारखी होतात.

बरणी फ्रीजरमध्ये ठेवली तर आणखी सोय. नुसता गोठवलेला मासा वितळला की लगदा होतो, कारण बर्फाच्या स्फटिकांनी पेशी फाटलेल्या असतात. मिठाने भरलेलं पाणी गोठायला उणे 21 अंशांच्या आसपास जावं लागतं आणि घरचा फ्रीजर असतो उणे 18 च्या जवळपास. त्यामुळे नीट खारवलेला चारा तिथे दगड होत नाही. थेट बाहेर काढून गळाला लावता येतो. निघण्याआधी मघाच्या बाटलीतलं थोडं पाणी त्यावर शिंपडावं, गेलेल्या वासातला काही परत मिळतो. परतल्यावर गळ गोड्या पाण्यात धुवा. हे विसरलात तर पुढच्या खेपेला चारा शाबूत असेल आणि गळ गंजून मोडेल.

मीठ जिवाणू थांबवतं, सगळे रोगजंतू मारत नाही. म्हणून एका ठिकाणचा चारा दुसऱ्या तलावात किंवा कोळंबीच्या शेततळ्याजवळ नेऊन टाकू नये. आणि हा मासा खाण्यासाठी नाही. उन्हात तासन्‌तास पडलेल्या बांगड्यात हिस्टामीन तयार झालेलं असू शकतं, ते ना मिठाने जातं ना शिजवण्याने. मांजरालाही घालू नका, इतकं मीठ त्याला झेपत नाही. पुढच्या रविवारी जेट्टीवरून उठताना मात्र उरलेली कोळंबी तिथेच टाकून येऊ नका. घरी आणा, मीठ लावा, बरणीवर तारीख घाला, आणि त्याखाली मोठ्या अक्षरात ‘चारा’ असं लिहा. नाहीतर घरातलं कोणीतरी एखाद्या संध्याकाळी त्याची कोशिंबीर करायला घेईल.